चांगल्या आवाजासाठी आधी शांतता

मुंबईचा पहिला बोलपट बराचसा रात्रीच घडला. अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. स्टुडिओजवळून रेल्वेचे रूळ जात असल्याने दिवसा गाड्यांच्या खडखडाटात संवाद बुडून जात. तनार यंत्रणेत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत. आवाज नंतर भरण्याची सोय नव्हती. म्हणून बहुतेक चित्रीकरण रात्री एक ते चारच्या दरम्यान, गाड्या थांबल्यावर झाले. मायक्रोफोन कलाकारांच्या आसपास लपवलेले असत. वझीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायलेले हिंदी सिनेमाचे पहिले गाणे याच चित्रपटातले.

म्हणजे यंत्र विकत आणता आले, शांतता मात्र मिळवावी लागली. आज अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये होम थिएटर बसवणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा, असे मला वाटते.

त्याआधी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन नावाचा तरुण प्राध्यापक अशाच रात्री जागवत होता. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढच्या शब्दांना गिळून टाकी. सबाइनने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या मध्यरात्रीनंतर वाहून आणल्या, मोजमापे घेतली आणि पहाटेपूर्वी परत नेऊन ठेवल्या. त्यातून नियम निघाला : खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो लवकर विरतो.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. विजापूरच्या गोलघुमटात, मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवरच्या त्या प्रचंड घुमटाखाली, एका बाजूची कुजबुज दुसऱ्या बाजूला ऐकू येते आणि एक टाळी अनेक वेळा परतते. ऐकताना अंगावर काटा येतो; पण तिथे सिनेमाचा एक संवादही नीट समजणार नाही.

उपनगरातला आपला हॉल म्हणजे एक छोटा गोलघुमटच. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर, समोर काचेची सरकती खिडकी. दहा बाय चौदाच्या अशा खोलीत पाच स्पीकर आणि एक सबवूफर मांडला, की दुकानात गोड वाटलेला आवाज घरात टोचतो. मग माणूस आणखी महागडा ॲम्प्लिफायर शोधू लागतो.

मोठ्या आवाजाची ही ओढ आपल्याला थिएटरनेच लावली. १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली आणि बोलपटाचा कारखाना उपनगरात आला. १९७५ मध्ये ‘शोले’ने सत्तर एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज यांची चटक लावली. पुढे डीव्हीडीने सहा वाहिन्यांचा आवाज घरात आणला. पण थिएटरची इमारत आवाजाचा विचार करून बांधलेली असते. आपली इमारत माणसे मावावीत म्हणून बांधलेली आहे.

मी अंधेरीत राहतो. माझ्या हॉलमध्ये सर्वांत जास्त फरक पाडला तो जाड गालिचाने, जड पडद्यांनी आणि पुस्तकांच्या कपाटाने. गालिचा सोफा आणि स्पीकर यांच्यामध्ये हवा, कारण पहिला प्रतिध्वनी फरशीवरून येतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर तो फुगतो. चौदा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४० हर्ट्झचा सूर आपोआप घुमतो. तिथे कोपरा म्हणजे आगीत तेल. सबवूफर आपल्या बैठकीजवळ आणला, की कमी आवाजातही पुरतो.

मात्र पडदे आणि गालिचे खोलीतला आवाज सुधारतात, भिंतीपलीकडे जाणारा अडवत नाहीत. ४० हर्ट्झची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. कापडाला ती जुमानत नाही. सबवूफरखाली जाड रबर घातले तर स्लॅबमध्ये उतरणारी थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा बास जातोच. खालच्या मजल्यावर आजारी म्हातारी असेल, वर दहावीचा मुलगा अभ्यास करत असेल. त्यांना आपला सिनेमा दिसत नाही, फक्त धमधम ऐकू येते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण आपल्या घरांत कायद्याच्या कितीतरी आधीपासून ‘पडोसी का हक’ शिकवला जातो. मशिदीचा भोंगा आणि मंडळाचा डीजे यांवर आपण तावातावाने बोलतो. स्वतःच्या हॉलमधल्या सबवूफरचाही हिशेब त्याच वहीत मांडायला हवा.

दहा वाजले की मी सबवूफर बंद करतो आणि ॲम्प्लिफायरचा नाइट मोड लावतो. त्यात स्फोट दबतात, संवाद वर येतात. दिवसभराचा रस्ता निवळलेला असतो, त्यामुळे कमी आवाजातही शब्द न् शब्द कळतो. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी रुळांशेजारच्या स्टुडिओत माणसे त्याच शांततेची वाट पाहत थांबली होती.