सुधारित इंजिनांतील इंधनदाब

इंधनपंपापासून इंजेक्टर किंवा कार्बुरेटरपर्यंतच्या नळीत इंधनावर जो दाब असतो, त्यास इंधनदाब म्हणतात. टर्बो बसवून, मोठे इंजेक्टर घालून किंवा अन्य बदल करून शक्ती वाढवलेल्या पेट्रोल इंजिनात हा दाब पूर्ण भाराखाली टिकून राहणे आवश्यक असते. तो ऐनवेळी घसरल्यास मिश्रणात इंधन कमी व हवा जास्त होते, ज्वलनकक्षाचे तापमान वाढते, नॉकिंग सुरू होते आणि काही क्षणांत पिस्टनला भोक पडू शकते.

दाब आणि प्रवाह

कार्बुरेटरला साधारण ०.२ ते ०.४ बार दाब पुरतो. मॅनिफोल्डमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांत तो बहुधा ३ ते ४ बार असतो. म्हणून जुन्या जीपच्या कार्बुरेटरला इंजेक्शनच्या गाडीचा विद्युत पंप थेट जोडल्यास फ्लोटची सुई दाबाने उचलली जाते आणि पेट्रोल बाहेर वाहू लागते.

दाब म्हणजे प्रवाह नव्हे. पंपापुढचा दाब जसजसा वाढतो, तसतसे त्यातून मिळणारे इंधन कमी होते. टर्बो इंजिनास दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे ०.२७ किलो पेट्रोल लागते असे धरल्यास २०० अश्वशक्तीसाठी ताशी ५४ किलो, म्हणजे साधारण ७२ लिटर पेट्रोल हवे. पंपाने एवढे इंधन, शिवाय थोडे राखीव, प्रत्यक्ष कामाच्या दाबावर दिले पाहिजे. वेष्टनावर छापलेला आकडा पुष्कळदा कमी दाबावरचा असतो. नुसता दाब वाढवूनही फारसे साधत नाही, कारण इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारचे ४ बार केले तरी वाढ सुमारे १५ टक्केच होते.

परतीची नळी असलेल्या रचनेत रेग्युलेटर मॅनिफोल्डशी एका बारीक नळीने जोडलेला असतो. ही नळी काढून मूळ दाब ३ बार ठेवला असेल, तर ती जोडल्यावर मंद गतीत मापक सुमारे २.४ बार दाखवतो आणि टर्बोचा दाब १ बार झाल्यावर ४ बार. त्यामुळे नळी जोडलेली होती की काढलेली, हे न सांगता दिलेला आकडा निरर्थक ठरतो.

दोषशोधन

दाब घसरला की पंप बदलायचा, ही घाई सर्वांत खर्चिक ठरते. किल्ली फिरवूनही दाब येत नसेल तर आधी फ्यूज, रिले, जोडण्या व अर्थिंग पाहावे. मंद गतीत दाब योग्य, पण भार येताच कमी, हे लक्षण तुंबलेला फिल्टर, टाकीतील जाळी, दबलेली नळी किंवा पंपापाशी कमी पडणारा व्होल्टेज यांपैकी कशाचेही असू शकते. व्होल्टेज पंपाच्या टोकांवर, पंप चालू असताना मोजावा; बॅटरीवर १३.५ आणि पंपाशी ११ आढळल्यास दोष तारेत आहे. मोठ्या पंपाला बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार व रिले देणे म्हणूनच इष्ट.

दाब अपेक्षेपेक्षा जास्त राहिल्यास परतीची नळी तुंबली आहे किंवा नव्या पंपाच्या मानाने अरुंद आहे, असे समजावे. रेग्युलेटरच्या बारीक नळीत पेट्रोल आढळणे ही पडदा फाटल्याची खूण होय. इंजिन बंद करताच दाब झपाट्याने उतरत असेल तर पंपातील एकदिशा झडप, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर तपासावा. बाहेर बसवलेला पंप कर्कश आवाज करू लागला तर तो बहुधा इंधन ओढताना उपाशी राहत असतो. त्याची जागा टाकीजवळ व तिच्या तळाच्या पातळीवर असावी.

उभ्या गाडीत यांतील निम्मे दोष दिसतच नाहीत. त्यांसाठी डायनॅमोमीटर किंवा लांब चढ लागतो. कोकणातून कोल्हापूरकडे येताना आंबा किंवा करूळ घाटाच्या चढावर इंजिन बराच वेळ भाराखाली राहते आणि उद्यमनगरातील गॅरेजमध्ये निर्दोष दिसलेली गाडी तेथे धाप टाकू लागते. अशा वेळी दाबाची नोंद ठेवणारा संवेदक उपयोगी पडतो. चालकाने मापकाकडे पाहत घाट चढू नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

ऊसपट्ट्यातील या जिल्ह्याला इथेनॉल नवे नाही. वजनाने पेट्रोलच्या एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९. त्यामुळे २० टक्के मिश्रणासाठी सुमारे ८ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. आधीच क्षमतेच्या काठावर चालणारा पंप येथे कमी पडतो. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने मऊ पडतात किंवा तडकतात.

सुरक्षितता व कायदा

नळी सोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे व दाब उतरवावा. तरीही थोडे पेट्रोल उरतेच; ज्योत, ठिणगी व तापलेला सायलेन्सर दूर असावा. कार्बुरेटरची साधी नळी इंजेक्शनच्या दाबाला वापरू नये. अपघातात पंप बंद करणारा स्विच नव्या जोडणीतही कायम ठेवावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होतील असे फेरफार वाहनात करण्यास मनाई आहे.