पावकी-निमकीचा हिशेब

पंतोजींच्या शाळेत अपूर्णांक आकृत्या रंगवून शिकवले जात नसत. पूर्णांकांचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, असे पाठांतर चाले. निव्वळ घोकंपट्टी म्हणून आपण ते मोडीत काढले आणि त्यातला गणिताचा विचारही सोबत घालवला. या पाढ्यांत दीड किंवा अडीच म्हणजे भाकरीचे तुकडे नव्हते. दोन, तीन, चारसारख्याच त्या संख्या होत्या. लिहिण्यातही तेच दिसे. सव्वा म्हणजे १।, दीड १॥, पावणेदोन १॥।; एका दंडाला एक पाव, छेद लिहायचाच नाही. साडेसहा आणे शेराचे अडीच शेर तेल घेतले तर सहा अडीच पंधरा, अर्ध्या अडीचाचे सव्वा, मिळून सव्वासोळा आणे. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. म्हणून एक रुपया एक पैसा. हे सगळे तोंडी, पाटी न घेता.

यावर पहिला आक्षेप येतो तो तृतीयांश-पंचमांशांचा, आणि तो खरा आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अपूर्णांकाचा अपूर्णांक काढत द्रम्माच्या १/१२८० भागापर्यंत, म्हणजे एका कवडीपर्यंत नेणारे उदाहरण आहे, पण ती विद्या पंडितांची, गावच्या शाळेत पोचली नाही. तिथे बाजाराला लागेल तेवढेच शिकवत, तेही छडीच्या धाकाने. मुली आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींची मुले तर दाराबाहेरच होती. त्या शाळांचे गोडवे गाण्याचे मुळीच कारण नाही. मात्र शाळा अन्यायाची होती म्हणून तिथला पाढा चुकीचा ठरत नाही. उलट ज्यांना तो नाकारला गेला, त्यांच्या नातवंडांना तो मिळायला हवा.

दुसरा आक्षेप असा की १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि या पाढ्यांचे काम संपले. आण्यांचा हिशेब संपला, हे कबूल. पण आपण आजही पावकिलो भाजी घेतो, दीड तास वाट पाहतो, अडीच वर्षांच्या पोराचे कौतुक करतो. चौथीतल्या मुलाच्या कानावर या संख्या रोज पडतात; वर्गात मात्र त्याला अपूर्णांक भेटतो तो चार भागांतला एक रंगवलेला भाग म्हणून. पाच चतुर्थांश म्हटले की ते गोंधळते, कारण चारांतले पाच भाग रंगवायचे कसे? सव्वा त्याला ठाऊक असतो, पण तो हाच, हे कुणी सांगितलेले नसते. आकृत्या राहू द्याव्यात. त्यांच्या आधी पावकी ते अडीचकी तिसरी-चौथीच्या वर्गात परत आणावी.