अण्णांचे घर, वहिनींची चूल

शाळा चालविणाऱ्या माणसाची आठवण आपण कशी काढतो? इतक्या शाळा काढल्या, इतकी मुले शिकविली, अमुक साली मान मिळाला, तमुक ठिकाणी पुतळा उभा राहिला. हा हिशेब खोटा नसतो, पण तो अर्धाच असतो. त्या माणसाला घर होते, घरात चूल होती, आणि महिनाअखेरीस डब्यात पीठ किती उरले हे चुलीपुढे बसणारीलाच ठाऊक होते. हा दुसरा अर्धा हिशेब इतिहासाच्या वहीत क्वचितच उतरतो. दिवाळीला घरची मंडळी एकत्र जमली असता तो थोडा मांडावा, असे वाटते.

मी करकंबचा. पंढरपुराहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या वाटेवरचे आमचे हे गाव. पाऊस बेताचा, भिस्त ज्वारीवर. माझे वडील प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. जुन्या काळची व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, उत्तीर्ण होऊन ते मास्तर झाले. हायस्कुलात जाण्याची त्यांची फार इच्छा होती, ती राहून गेली. ते म्हणत, "सातवी झालेले पोर पुढे शिकणार की नाही, हे त्याच्या डोक्यावर ठरत नाही. परगावी त्याला ताटात कोण वाढणार, यावर ठरते."

या एका वाक्यात त्या काळच्या शिक्षणाचा निम्मा इतिहास आहे. हायस्कूल शहरात. ब्राह्मणाच्या गरीब मुलाला निदान माधुकरी मागता येई, सात घरी सात वार लावून जेवता येई. त्यात अपमान होता, पण पोट भरत होते. कुणब्याच्या, धनगराच्या, महारामांगांच्या मुलाला ती सोय नव्हती. आमच्या पंढरपुरात तर मठ आणि धर्मशाळाही जातवार. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात तेथे प्राणांतिक उपोषण करावे लागले, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या समाजात देवाच्या दारी ही तऱ्हा, तेथे ताटाची काय कथा?

ताटाचा हा प्रश्न कोल्हापुरात शाहू महाराजांनी ओळखला होता. 1901 पासून त्यांनी निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहे उघडविली. त्याच कोल्हापुरात शिकलेला एक तरुण पुढे एक पाऊल आणखी टाकणार होता. तो म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म 22 सप्टेंबर 1887, कुंभोज गावी, जैन शेतकरी कुळात. स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही. साताऱ्यास शिकवण्या केल्या, तेव्हा लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणत. पुढे नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडले. संसारी माणूस होते, मिळवते होते. त्याच भटकंतीत खेडी पाहिली, आणि 4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा आरंभ केला.

1924 साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. त्याचे वैशिष्ट्य एकच, पण ते फार मोठे होते. चूल एक, पंगत एक. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले आळीपाळीने पाणी भरीत, लाकडे फोडीत, भाकऱ्या भाजीत आणि शेजारी शेजारी बसून जेवीत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहास 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव देण्यात आले. पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडण्यास त्यानंतर वीस वर्षे लागली.

तेथली मुले भाऊरावांना 'साहेब' किंवा 'सर' म्हणत नसत. 'अण्णा' म्हणत. आणि अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई या सर्वांच्या 'वहिनी'. मला या दोन हाकांत सारे वसतिगृह दिसते. हाताशी पैसा नाही, इमारत धड नाही, पण नाते मात्र लागून गेलेले. लक्ष्मीबाई वाढल्या कर्मठ जैन घरात. सोवळे-ओवळे अंगवळणी पडलेले. त्या बाईच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने अठरापगड जातींची पोरे आणून बसविली. हा बदल एका दिवसात झाला नसेल. पण झाला, आणि इतका झाला की पोरांच्या पोटासाठी त्यांच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा अण्णा फिरतीवर असताना वसतिगृहातील धान्य संपले. उरले होते ते मंगळसूत्र. वहिनींनी तेही काढून दिले आणि मुलांना जेवू घातले.

ही गोष्ट माझे वडील शाळेत मोठ्या अभिमानाने सांगत. एकदा घरी सांगितली. आई जात्यावर दळत होती. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग पुढच्या महिन्याला काय केलं?"

वडील गप्प राहिले. मला मात्र तो प्रश्न जन्मभर पुरला. त्यागाची कथा सांगणारा तेथे थांबतो, घर चालविणारी पुढच्या महिन्याचे विचारते. लक्ष्मीबाईंनी आणखी महिने काढले तरी किती? 1930 साली त्या निवर्तल्या. संस्थेची रीतसर नोंदणी झाली 1935 साली. पहिले हायस्कूल, महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे, 1940 चे. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 चे. यांतले त्यांनी काहीच पाहिले नाही. त्यांनी पाहिली ती फक्त चूल आणि तिच्याभोवतीची पोरे.

भाऊरावांच्या पुढच्या कारभाराकडे मी या दृष्टीने पाहतो. मुलांनी पडीक जमिनी लागवडीस आणल्या आणि आपले धान्य आपण पिकविले. खेड्यांतल्या बायकांनी दळणातून मूठ मूठ धान्य बाजूला काढून ठेवावे, असा मुष्टिफंड निघाला. फी नाही तर श्रम दे, ही 'कमवा व शिका' योजना आली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असे संस्थेने म्हटले, ते भाषणापुरते नव्हे. 1948 मध्ये सरकारशी मतभेद होऊन अनुदान थांबले, तरी शाळा बंद पडल्या नाहीत. लोकांनी त्या धरून ठेवल्या. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. पुढच्या महिन्याचे जेवण कुणा एका बाईच्या गळ्यातल्या मण्यांवर अवलंबून राहू नये, अशी तजवीज करणे म्हणजेच संस्था चालविणे. वहिनींचे मंगळसूत्र ही संस्थेची पहिली ठेव, आणि तशी ठेव पुन्हा मागावी लागू नये यासाठी पुढची तीस वर्षे खर्ची पडली.

मग भाऊराव संसारी माणूस म्हणून कसे? घर रिकामे करणाऱ्याला कुटुंबवत्सल म्हणावे काय? कोणी म्हणेल, त्यांनी संसार मोठा केला. ते खरेच आहे. पण संसार मोठा करण्याचा निर्णय एकाचा आणि त्याची भाकरी दुसरीच्या हातची, हेही तितकेच खरे. म्हणून मी दोघांना एकाच नावाने आठवत नाही. 'कर्मवीर' ही पदवी जनतेने एकाला दिली. दुसरीला लोक 'रयतमाऊली' म्हणू लागले, ते योग्यच झाले.

1959 साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. दिली, भारत सरकारने पद्मभूषण दिले, आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे देहावसान झाले. तोवर संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभरावर गेल्या होत्या. वडिलांना जे हायस्कूल मिळाले नाही, ते आमच्या भागातल्या त्यांच्या मागच्या पिढीला मिळाले.

आज आमच्या करकंबचे पोर पंढरपुरास जाऊन कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयात शिकू शकते. आणि जिल्ह्याच्या गावी, सोलापुरात, मुलींसाठी रयतेचेच एक कॉलेज आहे. त्याच्या पाटीवर नाव आहे, लक्ष्मीबाई भाऊराव पाटील महिला महाविद्यालय. माझी आई अक्षरओळखीपलीकडे शिकली नव्हती. तिची नात मात्र ती पाटी वाचू शकते.