काळीवर वाढणारी पांढरी : मराठवाड्यातील गावरचनेचे आराखडे आणि ग्रामस्थांचा सहभाग

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात गावाचे दोन भाग परंपरेने मानले गेले आहेत. वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. बीड तालुक्यातील नेकनूरसारख्या बाजारपेठेच्या गावांत रस्त्यालगतची काळी आता भूखंडांत विभागली जात आहे. या भूखंडांचा आराखडा कोण पाहतो आणि त्यावर हरकत घेण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न केवळ बांधकामाचा नाही. पाण्याची वाट, शेताकडे जाणारी पाणंद, गायरान आणि स्मशानभूमी यांचे भवितव्य त्यावर अवलंबून असते. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याची जडणघडण

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील गावकारभार पाटील व पटवारी यांच्यामार्फत चाले. जमिनीचे व्यवहार १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्यानुसार होत. या व्यवस्थेचे मुख्य लक्ष सारावसुलीकडे होते. पांढरीतील घरांची मांडणी भाऊबंदकी, जात आणि व्यवसाय यांच्या रूढ नियमांनी ठरत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्यानंतर १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम या भागासही लागू झाला. त्याच्या कलम ५२ ने बांधकामास पंचायतीची पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली, तर कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीस दिला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गावठाणाची हद्द ठरविणे आणि शेतजमिनीच्या बिगरशेती वापरास परवानगी देणे हे अधिकार महसूल यंत्रणेकडे ठेवले.

याच वर्षीच्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने शहरांच्या प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्याची आणि नियोजन समितीपुढे सुनावणी घेण्याची तरतूद केली. मात्र ही तरतूद संपूर्ण शहराच्या आराखड्यासाठी होती. एकेका खाजगी रेखांकनावर शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याची तशी सार्वत्रिक तरतूद करण्यात आली नाही. परिणामी गावपातळीवर परवानगीचा अधिकार पंचायत आणि महसूल खाते यांच्यात विभागला गेला, तर ज्यांच्या बांधाला नवी वसाहत लागणार ते ग्रामस्थ या प्रक्रियेबाहेरच राहिले.

किल्लारीचा अनुभव

गावाचा आराखडाच ग्रामस्थांपुढे ठेवण्याचा मोठा प्रयोग मराठवाड्यात एका आपत्तीनंतर झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरे कोसळली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या जागेची निवड, घराचा नमुना आणि लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी, असे धोरण ठरले. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे निश्चित करण्यात आली.

प्रत्यक्षात या सहभागाला मर्यादा पडल्या. घर केवढे असावे हे जमिनीवरून आधीच ठरल्यामुळे ग्रामसभेला मूळ निकषात बदल करता येत नव्हता. सरळ रेषेतील रुंद रस्ते आणि सुटी घरे अशी शहरी धाटणीची मांडणी अनेक ठिकाणी स्वीकारली गेली. दगडाच्या घराची धास्ती घेतलेल्या लोकांनाही त्या वेळी ती सुरक्षित वाटली. वस्ती विरळ झाल्याने अंतरे वाढली. जनावरे, कडबा व शेतीची अवजारे ठेवण्यास घरात जागा नव्हती. पुढे लोकांनी स्वतःच भिंती, पडव्या व गोठे बांधून ही घरे आपल्या सोयीची करून घेतली. कागदावरील नकाशात न नोंदवलेली हरकत अशा रीतीने बांधकामातून व्यक्त झाली.

जी गावे हलविली गेली नाहीत, तेथील दुरुस्ती व मजबुतीकरणाचा अनुभव वेगळा होता. मदतीची रक्कम हप्त्यांनी घरमालकास देण्यात आली आणि अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली काम त्याने स्वतः करून घ्यावयाचे होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून गावकरी आणि यंत्रणा यांच्यात दुवा साधला. येथे निर्णय घेणारा आणि घरात राहणारा एकच असल्याने चर्चेला अर्थ प्राप्त झाला.

अलीकडील बदल

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेस घटनात्मक स्थान मिळाले. गोव्यात २०११ चा प्रादेशिक आराखडा लोकआंदोलनामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला आणि २०२१ च्या आराखड्याचे नकाशे गावोगाव चर्चेसाठी पाठविण्यात आले. महाराष्ट्रात २०१७ च्या सुधारणेने गावठाणाच्या सीमेपासून २०० मीटरच्या आतील जमिनींच्या निवासी वापराची प्रक्रिया सुलभ केली. गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप प्रथम पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाले, तर २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. पांढरीचा नकाशा त्यामुळे अधिक अचूक झाला. तथापि काळीवर उभ्या राहणाऱ्या वसाहतींचा नकाशा गावापुढे वाचून दाखविण्याची रीत त्यातून निर्माण झाली नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. परवानगी देण्याचा अधिकार आणि आराखडा तपासण्याची लोकांची संधी या भिन्न गोष्टी आहेत. आराखड्याचे मूळ निकष ठरल्यानंतर मागविलेले मत केवळ औपचारिक ठरते. ज्यांची हरकत वेळेवर ऐकली जात नाही, ते ती पुढे अतिक्रमण, तंटा किंवा वाढीव बांधकाम या रूपाने मांडतात. म्हणून नेकनूरसारख्या वाढत्या गावांत प्रत्येक रेखांकन मंजुरीपूर्वी ग्रामसभेत मांडले जाणे आणि त्यात पाणंद, ओढे व सार्वजनिक जागा स्पष्ट दाखविणे आवश्यक आहे. किल्लारी परिसराने मोठी किंमत मोजून दिलेला हा धडा सामान्य काळातही तितकाच उपयुक्त आहे.