सलून, ‘साल’ आणि विजेची मोटार

‘सलून’ म्हटले की आपल्याला आधी केस कापायचे दुकान आठवते. मोटारींच्या दुनियेत मात्र सलून म्हणजे पक्क्या छपराची, बंद काचांची, मागे डिकी असलेली ऐसपैस गाडी. आज आपण तिला सरसकट सेडान म्हणतो. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांनी इटालियनांकडून, आणि त्याच्या मुळाशी आहे ‘साला’, म्हणजे घरातले मोठे दालन. हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडेही आला. गोव्यातल्या जुन्या घरांत पाहुण्यांना बसवायच्या दालनाला ‘साल’ म्हणतात ते यावरूनच. तेव्हा सलून गाडी म्हणजे चाकांवरचा दिवाणखाना, असे म्हणायला हरकत नाही.

हे सांगायचे कारण असे की असा दिवाणखाना विजेवर चालणारा घ्यावा की नाही, हा प्रश्न हल्ली आपल्याकडच्या बऱ्याच सुखवस्तू घरांत चर्चिला जातो. २०२२ साली मर्सिडीजने पुण्याजवळच्या चाकणमध्ये जुळणी केलेली ईक्यूएस ही विजेची सलून १ कोटी ५५ लाखांना बाजारात आणली. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूची आय-४ आली, आणि २०२४ साली बीवायडीची सील ४१ लाखांपासून पुढे मिळू लागली. प्रश्न नवा वाटतो, पण तो शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या श्रीमंत कुटुंबांनी १९१० च्या आसपास नेमका याच प्रश्नावर खल केला होता. त्यांनी काय ठरवले आणि पुढे काय झाले, हे आपण समजून घेण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मोटार कशावर चालावी हे ठरलेलेच नव्हते. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवरच्या होत्या, १,५७५ विजेवरच्या आणि पेट्रोलवरच्या फक्त ९३६. ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तोही विजेच्या गाडीनेच. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर येथे कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने तो पराक्रम केला.

विजेच्या गाडीत सुख होते यात शंका नाही. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढे उभे राहून लोखंडी दांडा गरगर फिरवावा लागे, आणि इंजिनाने उलटा हिसका दिला तर मनगट मोडे. गियर बदलणे ही एक कसरतच. धूर, वास, तेलाचे डाग आणि आवाज हे सगळे वर. विजेच्या गाडीत बसायचे, खटका ओढायचा आणि निघायचे. पेट्रोलच्या बहुतेक गाड्या अजून उघड्या होत्या, तेव्हा विजेच्या गाड्यांना काचांची बंद केबिन असे. आत समोरासमोर गुबगुबीत आसने, खिडक्यांना पडदे आणि फुले ठेवायला छोटी फुलदाणी. ‘साल’च म्हणा ना!

या गाड्यांतले सर्वात नावाजलेले नाव डेट्रॉईट इलेक्ट्रिक. १९०७ ते १९३९ या काळात या कंपनीने सुमारे १३,००० गाड्या बनवल्या. गंमत अशी की पेट्रोलची मोटार घरोघरी पोचवणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हीच गाडी चालवत असे. तिची १९१४ सालची डेट्रॉईट इलेक्ट्रिक आजही फोर्डच्या नावाच्या संग्रहालयात पाहायला मिळते. एका चार्जिंगमध्ये ती सुमारे १३० किलोमीटर जाई आणि तिचा जास्तीत जास्त वेग ताशी ४० किलोमीटर. ज्याच्या कारखान्यातून टी मॉडेल हजारोंनी बाहेर पडत होते, त्याच्याच घरात विजेची गाडी! पण यात विसंगती काहीच नाही. क्लाराला गावातल्या गावात फिरायचे होते, लांबच्या प्रवासाला घरात दुसऱ्या गाड्या होत्या. पुढे १९१५ साली फोर्ड दांपत्य डिअरबॉर्नच्या ज्या फेअर लेन बंगल्यात राहायला गेले, तिथे रूज नदीच्या पाण्यावर चालणारे त्यांचे स्वतःचे वीजघर होते. म्हणजे गाडी, तिचे काम आणि तिची वीज या तिन्ही गोष्टींचा मेळ बसलेला होता.

सगळ्यांचा तसा बसत नव्हता. डेट्रॉईट इलेक्ट्रिकला अडीच हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत, तर टी मॉडेलची साधी उघडी गाडी १९१४ साली पाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती. एडिसनने घडवलेली निकेल-लोखंडाची टिकाऊ बॅटरी हवी असेल तर आणखी सहाशे डॉलर, म्हणजे नुसत्या बॅटरीच्या किमतीत एक अख्खी फोर्ड गाडी! शिवाय शहराबाहेर वीजच नव्हती. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या घरांपैकी जेमतेम दहांतल्या एका घरात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वीज पोचली होती. पेट्रोलचा डबा मात्र खेड्यातल्या वाण्याकडेही मिळे.

हिकमती लोकांनी यावर उपाय शोधले नाहीत असे नाही. डेन्व्हरच्या ऑलिव्हर फ्रिचल याने १९०८ साली आपली विजेची गाडी नेब्रास्कातल्या लिंकनहून न्यूयॉर्कपर्यंत, सुमारे २,९०० किलोमीटर, स्वतः चालवत नेली. हार्टफोर्ड शहरात काही वर्षे वीज कंपनीच उतरलेली बॅटरी काढून भरलेली बसवून देत असे. ग्राहकाने बॅटरी विकत घ्यायची नाही, धावलेल्या अंतराचे पैसे द्यायचे. आज बॅटरी बदलून देण्याची योजना नवी म्हणून मांडली जाते, ती अशी जुनी आहे. फोर्ड आणि एडिसन या दोघांनी मिळून स्वस्त विजेची गाडी काढायचा घाटही १९१४ साली घातला होता. ती बाजारात कधीच आली नाही.

शेवटचा घाव कुणी घातला? चक्क विजेनेच. चार्ल्स केटरिंग याने बटन दाबून इंजिन सुरू करणारा विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. मनगट मोडणारा दांडा गेला. त्याबरोबर विजेच्या गाडीचे सर्वात मोठे आकर्षणही गेले. त्यात जाहिरातदारांनी तिला ‘बायकांची गाडी’ म्हणून इतके मिरवले होते की पुरुष ग्राहक तिच्यापासून दूरच राहू लागला. १९२० नंतर विजेची मोटार जवळपास दिसेनाशी झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ती गाडी वाईट होती म्हणून हरली नाही. तिच्याभोवतीची व्यवस्था अपुरी होती म्हणून हरली. वीज कुठे मिळेल, बॅटरी संपल्यावर खर्च किती, आणि लांब जायचे झाले तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या घरांकडे होती त्यांना तिने वर्षानुवर्षे सुख दिले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची ती पंचाईत झाली.

चौथा प्रश्न पुढे निघाला, कंपनीच्या इच्छेचा. जनरल मोटर्सने १९९६ पासून अमेरिकेत ईव्ही-१ ही विजेची गाडी दिली, पण फक्त भाड्याने. अशा १,११७ गाड्या बनल्या. मुदत संपल्यावर चालकांनी विकत मागूनही कंपनीने त्या परत घेतल्या आणि बहुतेक मोडीत काढल्या. आपल्याकडे २००१ साली बंगळूरुची छोटी रेवा आली, तीही शहरातल्या हौशी लोकांपुरतीच राहिली.

मग आज गोव्यातल्या माणसाने काय ठरवावे? आधी अंतर पाहू. उत्तरेच्या पत्रादेवीपासून दक्षिणेच्या पोळेपर्यंत आपला गोवा जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. क्लारा फोर्डची १९१४ ची गाडीसुद्धा एका चार्जिंगमध्ये तो पार करू शकली असती, आणि पर्वरीच्या वाहनकोंडीत तिचा ताशी ४० चा वेगही पुरला असता! तेव्हा गोव्यातल्या गोव्यात पल्ल्याची चिंता नको. ती सुरू होते घाटापलीकडे. कंपनी छापते तो पल्ला चाचणीतला असतो. ईक्यूएसचा आकडा ८५७ किलोमीटर होता, तरी चोर्ल्याचा किंवा अनमोडचा चढ, वातानुकूलन आणि पाऊस यांत कुठलाही आकडा खाली येतो. उतारावर थोडी वीज परत मिळते, पण सगळी नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. अशा सलूनची बॅटरी साधारण ८० युनिटांची किंवा त्याहून मोठी असते. साडेसात किलोवॉटच्या घरगुती चार्जरवर ती पूर्ण भरायला अकरा तास लागतात, घरातल्या साध्या जोडणीवर अख्खा दिवस जातो. रोज चाळीस किलोमीटरच फिरणाऱ्याला मात्र सात-आठ युनिटे पुरतात, म्हणजे रात्री तासभर. ज्याचे स्वतःचे घर आहे, आंगण आहे, छपरावर सौर पाट्या बसवायची सोय आहे, त्याच्याकडे एक छोटे फेअर लेनच आहे. ताळगाव किंवा पर्वरीच्या इमारतीत राहणाऱ्याने मात्र गाडीच्या दुकानात जायच्या आधी सोसायटीच्या सभेत जावे. आपल्या जागेपर्यंत वायर येईल का आणि मीटर कुणाच्या नावावर, हे तिथे कळेल.

तिसरा प्रश्न बॅटरीचा. लिथियमची बॅटरी जुन्या शिशाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी टिकाऊ आहे आणि बहुतेक कंपन्या तिची आठ वर्षांची हमी देतात. तरी ती हमी नेमकी कशाची, हे कागदावर वाचून घ्यावे. आणि चौथा, ही गाडी दुरुस्त करणारा माणूस गोव्यात आहे की ती ट्रकवर घालून बाहेर न्यावी लागणार?

या चारही प्रश्नांची उत्तरे मनासारखी आली तर बेलाशक घ्यावी. २०१९ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्केच आहे, हाही दिलासा. एकाही उत्तराला अडखळायला झाले तर दोन वर्षे थांबल्याने काही बिघडत नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून किंवा पेट्रोल महागले म्हणून मात्र घेऊ नये. पेट्रोलवर वाचणाऱ्या पैशांतून महागड्या सलूनची किंमत भरून निघायला जन्म जाईल.

‘साल’ घरात शोभते, कारण तिच्या मागे स्वयंपाकघर असते, विहीर असते, माजघर असते. चाकांवरच्या सालीचेही तसेच आहे.