चेतकचा गंज आणि परवान्यांचा काळ

छत्रपती संभाजीनगरातल्या जुन्या घरांच्या जिन्याखाली आजही एखादी बजाज चेतक उभी दिसते. हल्ली नातवंडे ती घरीच दुरुस्त करू पाहतात. पत्र्याला पॉलिश पेपर लावण्याआधी त्यांनी हा थ्रेड वाचावा.

सुरुवात इटलीत होते. १९४६ साली पियाज्यो कंपनीने व्हेस्पाचे पेटंट नोंदवले. रचनाकार कोराडिनो डास्कानिओ हा मूळचा विमान-अभियंता. मोटारसायकली त्याला मुळीच आवडत नसत. त्याने नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला. दाबून घडवलेला पोलादी पत्रा हीच गाडीची कातडी आणि हीच तिची हाडे.

१९६० पासून बजाज कंपनी परवान्यावर व्हेस्पा बनवू लागली. १९७१ मध्ये तो करार संपला, १९७२ मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे, हाडे मात्र व्हेस्पाचीच!

म्हणूनच चेतकचा गंज हा केवळ रंगाचा प्रश्न नाही. पाय ठेवण्याच्या जागी रबरी मॅटखाली पावसाचे पाणी मुरते आणि भार वाहणारा पत्राच सडतो. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो आरपार गेला, तर लांबी भरून वरून रंग देणे ही शुद्ध फसवणूक आहे. सडका भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापावा, नव्या पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने बसवावे, मग रेड ऑक्साइड, लांबी आणि शेवटी रंग. वेल्डिंग जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे आणि त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवावी.

कापताना जुनी ठिगळे सापडतील. त्यांना हसू नये. किती स्कूटर बनवायच्या, हे त्या काळी सरकारी परवाना ठरवी. नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत. हाती आलेली गाडी टाकून देणे परवडणारे नव्हते. बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला १९८५ मध्ये. त्याने या शहराचे रूपच पालटले. तो स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे. ती ठिगळे म्हणजे त्या टंचाईचे दप्तर होय, आणि सरकारी दप्तरापेक्षा मला ते अधिक बोलके वाटते.

तेव्हा रंगाचे थर खरवडण्यापूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे. चेसिस नंबर कोरलेल्या जागी मात्र ग्राइंडर मुळीच लावू नये. आरसी बुकातल्या नोंदीशी गाडीचे नाते त्या आकड्यांनीच जुळते.