चुंबकीय डोपिंग केलेले ऑक्साइडचे पातळ थर : वाढीच्या परिस्थितीचा परिणाम

टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड अशा पारदर्शक, अचुंबकीय ऑक्साइडांत काही टक्के कोबाल्ट, मँगॅनीज किंवा लोह मिसळून स्फटिकावर वाढवलेले, नॅनोमीटरमध्ये मोजण्याजोग्या जाडीचे थर. 2001 साली युजी मात्सुमोतो व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी कोबाल्टयुक्त अ‍ॅनाटेज टायटॅनियम डायऑक्साइडचा थर नेहमीच्या तापमानालाही लोहचुंबकीय राहतो असे ‘सायन्स’मध्ये जाहीर केले आणि या विषयाकडे संशोधकांची रीघ लागली. मात्र तोच पदार्थ एका प्रयोगशाळेत चुंबकीय ठरे, तर दुसरीत नाही. या विसंगतीचे मूळ बहुतांशी वाढीच्या परिस्थितीत सापडते.

हे थर बहुधा लेसरने तयार करतात. निर्वात कक्षात लेसरचे स्पंद ऑक्साइडच्या वडीवर पडतात, तिच्यातून उडालेला द्रव्याचा तेजस्वी झोत तापवलेल्या स्फटिकावर जाऊन बसतो. कक्षात ऑक्सिजन किती ठेवला, ही यातली सर्वांत नाजूक बाब. तो फार कमी असला की कोबाल्टला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि त्याचे धातुरूप सूक्ष्म कण साचू शकतात. धातुरूप कोबाल्टचे क्यूरी तापमान (ज्याच्या वर लोहचुंबकत्व उरत नाही ते) सुमारे 1390 केल्विन असल्याने चुंबकमापक यंत्रात जोरदार संकेत दिसतो, पण तो ऑक्साइडचा नसतो. ऑक्सिजन भरपूर असला तर कोबाल्ट टायटॅनियमच्या जागी नीट बसतो. मात्र ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा घटतात, त्यांच्यापासून मिळणारे इलेक्ट्रॉन कमी होतात आणि थर विद्युतरोधक होत जातो.

तापमानाचा परिणाम मेरिलंड विद्यापीठातील एस. आर. शिंदे, सतीशचंद्र ओगले आदींनी 2003 साली एकाच नमुन्यावर दाखवला. 7 टक्के कोबाल्टच्या त्या थरात आरंभी 20 ते 50 नॅनोमीटरचे कोबाल्टपुंज होते आणि क्यूरी तापमान 1180 केल्विनच्या वर होते. चुंबकीय मोजणीसाठीच थर खूप तापवावा लागला. त्या उष्णतेने पुंज विरून कोबाल्ट जवळजवळ सगळा ऑक्साइडात मिसळला आणि क्यूरी तापमान सुमारे 650 केल्विनवर आले. मोजणीनेच नमुना बदलावा, हे या क्षेत्रातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

खालचा स्फटिक थराची रचना ठरवतो. लँथॅनम अ‍ॅल्युमिनेटची जाळी अ‍ॅनाटेजशी जवळजवळ तंतोतंत जुळते, म्हणून त्यावर अ‍ॅनाटेज वाढतो. नीलमण्यावर सहसा रुटाइल, हे टायटॅनियम डायऑक्साइडचे दुसरे स्फटिकरूप.

असंगत हॉल परिणाम (चुंबकत्वामुळे हॉल विद्युतदाबात पडणारी जादा भर) दिसला म्हणजे चुंबकत्व अंगभूत, ही कसोटीही पुरेशी नाही. 2004 साली मेरिलंडच्याच गटाला ऑक्सिजन अतिशय कमी असलेल्या रुटाइल थरात कोबाल्टपुंज आणि हा परिणाम, दोन्ही एकत्र आढळले. हाफ्नियम ऑक्साइडच्या बाबतीत तर स्टीलच्या चिमट्याने थर हाताळल्यानेही चुंबकीय संकेत उमटतो, असे 2005 मध्ये दिसून आले. अशा थराच्या चुंबकत्वाचा आकडा वाचताना ऑक्सिजनचा दाब, तापमान आणि खालचा स्फटिक यांची नोंद सोबत नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये.